नदीचे मूळ

'निसर्गाच्या सान्निध्यात' हा शब्दप्रयोग जाहिरातींनी इतका गुळगुळीत करून टाकला आहे, की तो उच्चारताना संकोच वाटतो. तरीही गेल्या पौषात रोह्याला लागून असलेल्या वरसे गावी स्नेह्यांकडे गेलो असता, तिथून वर कोलाडच्या बाजूला, कुंडलिकेच्या काठी, आम्ही चौघे दोन रात्री तंबूत राहिलो ते त्याच ओढीने. सोयी म्हणजे एक नळ, पत्र्याची दोन शौचालये आणि वाटेवर एक दिवा. भोवती कापणीनंतरची रिकामी भातखाचरे. रात्री जागामालकांनी पोपटी लावली. मडक्यात भांबुर्डीचा पाला, त्यावर मीठ-ओवा लावलेल्या वालाच्या शेंगा, तोंडाशी पुन्हा पाला. मग मडके पालथे घालून भोवती जाळ. पाण्याचा थेंब न घालता शेंगा शिजतात.

संध्याकाळी नदी रोडावलेली होती, पात्रातले दगड उघडे पडले होते. सकाळी तेच पात्र भरून वाहत होते. पाऊस नव्हता, आणि खाडीची भरती इतक्या वर पोहोचत नाही. जागामालक सहज म्हणाले, "पाणी सुटलं." पूर आणि भरती यांना मराठीत 'येणे' हे क्रियापद लागते; 'सुटणे' लागते ते अडवून धरलेल्या गोष्टीला.

हे पाणी मुळशीचे. सह्याद्रीच्या माथ्यावर मुळा नदी अडवून तिचे पाणी पश्चिमेकडे वळवले जाते आणि घाटाखाली भिऱ्याच्या वीजगृहात जनित्रे फिरवून ते कुंडलिकेत सोडले जाते. टाटांचे हे वीजगृह १९२७ पासूनचे. कोलाडच्या राफ्टिंगच्या होड्याही याच पाण्याच्या वेळा सांभाळतात. एरवी ते पुण्यावरून भीमेला मिळून पंढरपूरमार्गे बंगालच्या उपसागराला गेले असते. आता रेवदंड्याला अरबी समुद्रात जाते.

या धरणाविरुद्ध १९२१ साली मुळशीच्या शेतकऱ्यांनी सत्याग्रह केला. सेनापती बापट त्यांचे पुढारी होते. धरण झालेच, मावळातली भातशेती आणि घरे पाण्याखाली गेली, वीज मुंबईला गेली. आमचे घर सोडणे दोन रात्रींचे आणि हौसेचे होते. एका नळावर भागवण्यातला आनंद, परतण्याला घर असलेल्यालाच मिळतो. हे लक्षात आल्यावर दुसऱ्या रात्री पाण्याचा आवाज कमी गोड लागला असे नाही. पण तो निव्वळ निसर्गाचा आवाज राहिला नाही.

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ शोधू नये, असे आपल्याकडे म्हणतात. पावित्र्य जपायचे असेल तर तो सल्ला ठीक आहे. परंतु जिच्या काठी आपण विसावा घ्यायला जातो, तिचे मूळ विचारण्याइतके ऋण आपल्यावर निश्चितच असते.