दहा दिवसांची नोटीस

बेसबॉल हा फार हिशेबी खेळ. इंग्लंडात जन्मून अमेरिकेत पत्रकारी करणाऱ्या हेन्री चॅडविकने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर त्याला आकड्यांची शिस्त लावली. कोणी किती चेंडू टोलवले, कोणाच्या हातून किती सुटले, सगळं कागदावर उतरत गेलं. सव्वाशे वर्षांपूर्वीच्या एखाद्या दुपारी बोस्टनच्या मैदानावर काय घडलं, ते आजही काढून वाचता येतं. त्या तक्त्यात एकच रकाना नाही: माणूस गेला कसा, आणि मग त्याचं काय झालं. शेवटच्या सामन्याची तारीख मिळते. त्यापुढे कोरा कागद.

त्या कोऱ्या कागदाशीच मी रेंगाळतो.

1884 सालचा उन्हाळा. प्रॉव्हिडन्सच्या संघाचा एक पिचर, म्हणजे चेंडू फेकणारा खेळाडू, जुलैत भांडून निघून गेला आणि उरलेल्या मोसमाचं ओझं चार्ल्स रॅडबर्नने जवळजवळ एकट्याने वाहिलं. त्या वर्षी त्याने 678 इनिंग चेंडू फेकले. आजचा पिचर वर्षाकाठी दोनशेही क्वचितच गाठतो. सकाळी केस विंचरायलासुद्धा हात वर जात नसे, असं सांगतात. विजय किती, 59 की 60, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. एका विजयासाठी इतकी घासाघीस! सात वर्षांनी तो खेळातून गेला, तेव्हा मात्र कोणी कसलाच वाद घातला नाही. ब्लूमिंग्टनला जाऊन त्याने दारूचा गुत्ता टाकला. शिकारीच्या अपघातात एक डोळा गेला, चेहरा विद्रूप झाला. मग एके काळी हजारो लोकांच्या नजरा झेलणारा हा माणूस आपल्याच गुत्त्यामागच्या खोलीत लोकांपासून तोंड लपवून बसू लागला. 1897 मध्ये तो वारला. वय 42.

जाणं इतकं उघडं-वाघडं का असावं? उत्तर करारात होतं. 1879 मध्ये मालकांनी आपसात ठरवलं, की प्रत्येक संघाने आपले पाच खेळाडू राखून ठेवायचे आणि दुसऱ्या कोणी त्यांना हात लावायचा नाही. पुढे पाचाचे सगळेच झाले. मोसम संपला, करार संपला, तरी खेळाडू मोकळा नाही. मालकाला मात्र दहा दिवसांची नोटीस देऊन त्याला घरी पाठवता येई. हातात जोर होता तोवर जाऊ द्यायचं नाही आणि जोर सरला की राहू द्यायचं नाही. निवृत्ती म्हणायला तरी निवृत्त होणाऱ्याचा काही शब्द त्यात असावा लागतो. या माणसांना तो नव्हता.

जॉन माँटगोमेरी वॉर्डने हे ओळखलं. तरुणपणी पिचर, पुढे शॉर्टस्टॉप. खेळता खेळता कोलंबिया विद्यापीठातून कायद्याची पदवी घेतलेला. 1885 मध्ये त्याने खेळाडूंची संघटना उभी केली, दोन वर्षांनी एका मासिकात लेख लिहून खेळाडू ही कोणाची चीजवस्तू आहे का, असं थेट विचारलं आणि 1890 मध्ये खेळाडूंची स्वतंत्र लीगच काढली. ती एक वर्ष टिकली. 1894 च्या मोसमानंतर, वयाच्या चौतिसाव्या वर्षी, तो स्वतःच्या मर्जीने खेळ सोडून वकिलीला लागला. त्या पिढीत असं डोकं वर ठेवून बाहेर पडलेली माणसं थोडी.

बाकीच्यांना टाळ्यांची सवय सुटत नव्हती. ‘किंग’ केलीचंच बघा. 1887 मध्ये शिकागोने त्याला बोस्टनला दहा हजार डॉलरला विकलं. तेव्हा हा आकडा ऐकून लोक थक्क झाले होते. त्याच्या घसरत बेस गाठण्यावर गाणं निघालं, ते घरोघरी गेलं. पाय जड झाले तसा तो रंगमंचाकडे वळला, नाट्यगृहांतून बेसबॉलच्या कविता म्हणू लागला. नोव्हेंबर 1894 मध्ये अशाच एका प्रयोगासाठी बोस्टनला आला असताना न्यूमोनियाने गेला. वय 36. कमावलेलं सगळं कधीच उडालं होतं. खेळानंतरचं आयुष्य त्याच्या वाट्याला फारसं आलंच नाही.

आणि अ‍ॅन्सन. सत्तावीस मोसम, त्यातले बावीस शिकागोत. 1897 नंतर क्लबने करार वाढवला नाही, तेव्हा तो 45 वर्षांचा होता. त्याच्यावाचून उरलेल्या संघाला वर्तमानपत्रं ‘ऑर्फन्स’ म्हणू लागली, म्हणजे पोरकी पोरं. पोरका खरं तर तोच झाला होता. चाहत्यांकडून निधी उभारायचा बेत निघाला, तो त्याने धुडकावला. बिलियर्डचा धंदा बुडाला. एकदा शहराचा क्लार्क म्हणून निवडून आला, पुढे मुलींना घेऊन नाटकमंडळ्यांतून फिरला, पण पेन्शनची दया घेतली नाही. त्याच्या ताठ कण्याला मान तुकवावी असं वाटतं, आणि मान अर्ध्यावर थांबते. कारण हाच अ‍ॅन्सन काळ्या खेळाडूंबरोबर मैदानात उतरायला नकार देत आला होता. टोलेडोचा कॅचर मोझेस फ्लीटवूड वॉकर 1884 मध्ये मेजर लीगमध्ये 42 सामने खेळला. 1889 मध्ये सिराक्यूज संघातून त्याचं नाव कमी झालं आणि तो संघ ज्या दुय्यम लीगमध्ये खेळे, ती काळ्या खेळाडूंना बंद झाली, ती 1946 मध्ये जॅकी रॉबिन्सन येईपर्यंत. वॉकरचं हात-पाय शाबूत असताना जाणं हे दहा दिवसांच्या नोटिशीपेक्षाही निर्दय. त्याच्या मागे दार लागलं ते एका माणसापुरतं नव्हतं.

क्वचित एखाद्याला निरोपासारखं काही लाभलं. 4 सप्टेंबर 1916 ला शिकागोत क्रिस्टी मॅथ्यूसन आणि मॉर्डेकाय ब्राउन हे दोन पिचर एकमेकांसमोर उभे राहिले, अनेक वर्षांच्या वैराला शोभेल असे. दोघांचाही तो शेवटचा सामना. दोघांचेही हात संपले होते. धावांचा पाऊस पडला, मॅथ्यूसनचा संघ 10-8 ने जिंकला. ब्राउन लहानपणी शेतातल्या यंत्रात बोट गमावलेला. त्या तुटक्या पंजानेच त्याचा चेंडू विलक्षण वळे. उतारवयात त्याने इंडियानात पेट्रोल पंप चालवला. मॅथ्यूसन पहिल्या महायुद्धात विषारी वायूच्या संपर्कात आला आणि 1925 मध्ये क्षयाने गेला. तेव्हा तो 45 वर्षांचा होता.

पण या सगळ्यांत मला हेवा वाटतो तो विल्यम हॉयचा. लहानपणी मेंदूज्वराने त्याचं ऐकणं गेलं. 1888 पासून चौदा मोसम तो मेजर लीगच्या मैदानांवर धावला, आणि त्या सगळ्या काळात लोकांचा गजर त्याच्यापर्यंत पोचलाच नाही. मग तो थांबल्याचं दुःख तरी कुठून होणार? ओहायोत त्याने दुग्धालय काढलं, गाई पाळल्या, सुखाने जगला. 1961 च्या वर्ल्ड सिरीजमध्ये सिनसिनाटीच्या मैदानावर पहिला चेंडू टाकायला त्याला बोलावलं, तेव्हा तो 99 वर्षांचा होता. टाळ्यांवर जगलेले लवकर संपले. ज्याला त्या कधी ऐकूच आल्या नाहीत, तो शंभरीच्या उंबऱ्यापर्यंत गेला. योगायोग असेल. पण मन तो योगायोग म्हणून सोडून द्यायला तयार होत नाही.

खेळ विसरतो असंही म्हणवत नाही. त्याला हवं ते तो फार चांगलं लक्षात ठेवतो. 1912 च्या वर्ल्ड सिरीजच्या निर्णायक सामन्यात, दहाव्या इनिंगमध्ये, न्यूयॉर्कच्या फ्रेड स्नॉडग्रासच्या हातून एक सोपा झेल सुटला. लगेच पुढच्या फलंदाजाचा एक अवघड झेल त्याने धावत जाऊन टिपला, तो कोणाच्या ध्यानात नाही. पुढे तो कॅलिफोर्नियात शेती-व्यापारात रमला, ऑक्सनार्ड शहराचा महापौर झाला. 1974 मध्ये तो गेला, तेव्हा मृत्युवार्तेच्या मथळ्यात काय होतं? तो सुटलेला चेंडू. मधली साठ वर्षं मथळ्यात मावली नाहीत.

खेळाडूंसाठी पेन्शन योजना आली ती 1947 मध्ये. तोवर खेळून गेलेल्यांना तिच्यात जागा नव्हती. त्यांच्या दारात शेवटी जो माणूस गेला, तो खेळाच्या कचेरीतला नव्हता. लॉरेन्स रिटर हा अर्थशास्त्राचा प्राध्यापक. 1961 मध्ये जुन्या जमान्यातला नामांकित खेळाडू टाय कॉब गेला, त्याच वर्षी रिटरचे वडीलही गेले, आणि तो टेप रेकॉर्डर घेऊन जुन्या खेळाडूंच्या शोधात देशभर हिंडू लागला. तीनशेहून अधिक ट्रिपल, म्हणजे एका टोल्यात तिसरा बेस गाठून देणारे फटके, मारणारा, तो विक्रम आजही नावावर असलेला सॅम क्रॉफर्ड त्याला कॅलिफोर्नियातल्या एका लाँड्रोमॅटमध्ये सापडला, कपडे धुऊन होण्याची वाट बघत बसलेला. रिटरने विचारलं आणि ते बोलले. वर्षानुवर्षं कोणी विचारलंच नव्हतं. 1966 मध्ये पुस्तक निघालं आणि त्याच्या मानधनातला वाटा रिटरने त्या म्हाताऱ्यांना दिला. ज्या खेळाने त्यांचा प्रत्येक चेंडू मोजला, त्याने त्यांचं काही देणं मानलं नाही. जो केवळ त्यांचं ऐकून घ्यायला गेला होता, त्याने मानलं.