नकार देणारे यंत्र

जून १९९९ मध्ये गोवा विधानसभेची निवडणूक झाली, तेव्हा सर्व चाळीस मतदारसंघांत कागदी मतपत्रिकेच्या जागी इलेक्ट्रॉनिक मतदान-यंत्र आले. एका संपूर्ण राज्याची विधानसभा निवडणूक यंत्रावर होण्याचा देशातील तो पहिलाच प्रसंग. त्यापूर्वी १९८२ मध्ये केरळातील परूर येथे काही केंद्रांवर प्रयोग झाला होता. कायद्यात तशी तरतूद नसल्याने १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो अमान्य केला. पुढे कायदा दुरुस्त झाला, नोव्हेंबर १९९८ मध्ये मध्य प्रदेश, राजस्थान व दिल्लीतील सोळा जागांवर यंत्र पुन्हा आले आणि त्यानंतर पाळी आली ती आपल्या या लहानशा राज्याची. आम्ही त्या काळी डिचोली तालुक्यात अध्यापन करीत होतो. शिक्षक म्हटला की निवडणुकीचे काम ठरलेलेच. त्यामुळे या यंत्राशी आमची ओळख मतदार म्हणून होण्याआधी कर्मचारी म्हणून झाली.

पेडणे-डिचोलीकडील जुन्या मराठी घरांत मतपेटीच्या आठवणी खोलवर रुजलेल्या आहेत. १६ जानेवारी १९६७ चा जनमत कौल अनेक वडीलधाऱ्यांच्या तोंडून आम्ही ऐकला. महाराष्ट्रात विलीन होण्यासाठी फूल, वेगळे राहण्यासाठी दोन पाने. फुलाचा पक्ष ३४,०२१ मतांनी हरला. ज्या घरांनी फुलावर शिक्का मारला होता त्या घरांत हळहळ पुष्कळ ऐकली, पण मोजणी खोटी झाली असा सूर आमच्या कानी कधी आला नाही. पेटी रिकामी असल्याचे सर्वांना दाखविलेले असे, तिला लाखेची मोहोर लागे, ती सर्वांदेखत फुटे. निवडणुकीची व्यवस्था जिंकणाऱ्याला पटवावी लागत नाही. ती पटवावी लागते हरणाऱ्याला. म्हणूनच १९९९ मध्ये एका वयोवृद्ध गृहस्थांनी आम्हाला विचारले, "मास्तर, पेटीत हात घालून बघता येत होते. या डब्यात काय बघायचे?" तो प्रश्न आम्हाला अगदी रास्त वाटला.

यंत्राचे वर्तन पाहिले की उत्तराची दिशा सापडते. केंद्राध्यक्षांच्या टेबलावर एक भाग आणि आडोशाआड दुसरा. टेबलावरचे 'बॅलट' बटण दाबले की तेथे लाल दिवा लागतो, आडोशाआड हिरवा. मतदार चिन्हाशेजारचे निळे बटण दाबतो, चिन्हाजवळ लाल खूण उजळते, लांब शिट्टी वाजते आणि यंत्र स्वतःला कुलूप घालते. यानंतर मतदाराने तेच बटण दहा वेळा दाबले, किंवा दुसरे दाबले, तरी काही घडत नाही. 'क्लोज' दाबले की मतदान संपले. मग 'बॅलट' बटण मुके होते. 'रिझल्ट' मात्र 'क्लोज' नंतरच बोलते आणि 'क्लिअर' निकाल पाहिल्यानंतरच.

आमचा पुतण्या पुण्यात संगणकाच्या पडद्यांची रचना करतो. हे वर्णन ऐकून तो म्हणाला, "काका, ही तर आमच्या धंद्यातली स्टेट मशीन." म्हणजे अवस्था-यंत्र: कोणत्याही क्षणी नेमक्या एकाच अवस्थेत असणारे, आणि कोणते बटण दाबल्यास कोणत्या अवस्थेत जायचे हे आधीच ठरलेले. पेडण्याच्या बाजूला दशावतार पाहत वाढलेल्यांना ही कल्पना नवी नाही. रूढ क्रमात गणपती आणि सरस्वती येऊन गेल्याशिवाय संकासुर रंगमंचावर येत नाही आणि संकासुराचा निकाल लागल्याशिवाय रात्रीचे आख्यान उभे राहत नाही. नट तेच, रंगमंच तोच. पण कोणी केव्हा यायचे हे आधी काय घडले यावर ठरते.

संगणकाच्या पडद्यावर हा क्रम पाळणे दिसते तितके सोपे नाही. वीजबिल भरण्याचे साधे बटण घ्या. त्याच्या अवस्था चारच: निवांत, प्रतीक्षा, यश, अपयश. पण ते घडविणारा पुष्कळदा चार वेगवेगळ्या नोंदी ठेवतो: पैसे जात आहेत काय, गेले काय, चूक झाली काय, बटण दाबता येते काय. प्रत्येकीचे उत्तर होय किंवा नाही. म्हणजे एकंदर सोळा जुळण्या. त्यांपैकी अर्थपूर्ण चार, आणि उरलेल्या बारांमध्ये 'भरणा झाला' आणि 'भरणा झाला नाही' हे दोन्ही एकाच वेळी दिसण्याची सोय आहे! प्रतीक्षेत असताना बटण पुन्हा दाबले तर दोनदा पैसे जाण्याचीही. अवस्था-यंत्र या बारा जुळण्या जन्मालाच येऊ देत नाही. डेव्हिड हॅरेल या इस्रायली संशोधकाने विमानातील उपकरणांचे वर्तन नीट मांडता यावे म्हणून 'स्टेटचार्ट' ही आकृतिपद्धती घडविली आणि १९८७ मध्ये प्रसिद्ध केली. मोठ्या अवस्थेच्या पोटात लहान अवस्था ठेवण्याची त्यात सोय आहे. आपल्या यंत्रात 'मतदान खुले' ही मोठी अवस्था, आणि तिच्या पोटात दोन: कुलूप लागलेले यंत्र, आणि मताची वाट पाहणारे यंत्र.

पुतण्याच्या सांगण्यावरून आम्ही कागदावर एक कोष्टक आखले. बारीक तपशील बाजूला ठेवले तर अवस्था चार: कुलूपबंद, मताच्या प्रतीक्षेत, मतदान बंद, निकाल वाचलेला. बटणे पाच: बॅलट, निळे, क्लोज, रिझल्ट, क्लिअर. एकंदर वीस घरे. कुलूपबंद अवस्थेत बॅलट आणि क्लोज चालतात. प्रतीक्षेत केवळ निळे. बंद झाल्यावर केवळ रिझल्ट. निकालानंतर पुन्हा रिझल्ट किंवा क्लिअर. सहा घरांत होकार, चौदा घरांत नकार. यंत्राचे शहाणपण मुख्यत्वे त्या चौदा घरांत आहे हे आम्हाला त्या दिवशी उमगले.

कोष्टक हाती असले की तपासणी कशाची करायची हे तेच सांगते. मतदानापूर्वी प्रतिनिधींसमोर अभिरूप मतदान होते. आज त्यात किमान पन्नास मते टाकून, निकाल पडताळून, यंत्र साफ करतात. पण आमच्या अनुभवात ही चाचणी होकाराच्या सहा घरांतूनच फिरते. बॅलट, निळे, बॅलट, निळे, क्लोज, रिझल्ट, क्लिअर. सगळे शिस्तीत वागल्यास यंत्रही शिस्तीत वागते, एवढेच त्यातून कळते. बेशिस्तीचे काय?

एक घर तर फारच शिकविणारे आहे. बॅलट दाबले गेले, मतदार आडोशाआड गेला आणि मत न देताच निघून गेला. यंत्र प्रतीक्षेतच राहते, मागे फिरण्याचे बटण त्याला नाही. नियम असा की पुढच्या मतदाराने त्याच खुल्या यंत्रावर मत द्यावे. आणि निघून गेलेला शेवटचाच असेल तर वीजपुरवठा बंद करून मग ते आवरावे, कारण प्रतीक्षेत असताना क्लोज चालत नाही. रुसून परतणाऱ्या माणसाचाही विचार कोणी तरी आधीच करून ठेवला होता. पडद्यावरचे कोणतेही बटण घडविणाऱ्याने हा रुसलेला मतदार डोळ्यांसमोर ठेवावा असे आम्हाला वाटते.

अर्थात नकारांची परीक्षा उत्तीर्ण झाली म्हणून सर्व शंका मिटत नाहीत. अवस्थांचा क्रम बरोबर असूनही आत नोंद भलतीकडे होत नाही कशावरून, हा प्रश्न कोष्टकाबाहेरचा आहे. त्यासाठी कागदच परत आला. फेब्रुवारी २०१७ च्या निवडणुकीत गोव्याच्या चाळीसही मतदारसंघांत, पेडण्यापासून काणकोणपर्यंत, मताची चिठ्ठी काचेआड सात सेकंद दाखविणारे यंत्र जोडले गेले. एप्रिल २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा कागदी मतपत्रिकेकडे जाण्याची मागणी फेटाळली. वाद संपला असे आम्ही म्हणणार नाही. तो संपावा असेही नाही.

आमची विनंती लहान आहे. अभिरूप मतदानाच्या वेळी, ज्यांचा पक्ष हरण्याची शक्यता अधिक त्यांच्या प्रतिनिधीलाच पुढे बोलवावे आणि त्याच्या देखत यंत्राला चुकीचे वागायला सांगावे. मतदान चालू असताना निकाल मागावा. शिट्टी वाजल्यावर दुसरे चिन्ह दाबून पाहावे. बंद केल्यावर आणखी एक मत घुसवून पाहावे. पेटीत हात घालण्याची जी सोय त्या वृद्ध गृहस्थांना हवी होती, तिला आजच्या काळात याहून जवळचा पर्याय आम्हाला सुचत नाही. पाच-दहा मिनिटे अधिक जातील. हरणाऱ्याच्या मनातला विश्वास तेवढ्यात मिळत असेल, तर तो फारच स्वस्तात मिळाला म्हणायचा.