दीपनगरचे अंधारे

माझे आडनाव अंधारे आणि मी छत्तीस वर्षे नोकरी केली ती विजेच्या खात्यात. एवढे एक वाक्य बोलून मी नेहमी थांबतो. समोरच्याचे हसून झाले की मग पुढचे बोलता येते. राहत कुठे होतो, हे मात्र मी लगेच सांगत नाही. आधीचे हसू ओसरू देतो. कारण मी राहत होतो दीपनगरला.

भुसावळहून वरणगावच्या रस्त्याला लागले की उंच धुराडी दिसू लागतात. ते औष्णिक विद्युत केंद्र आणि त्याची वसाहत ती दीपनगर. रेल्वेने कोळसा यायचा, तापीचे पाणी यायचे, आणि आम्ही त्या दोघांची गाठ घालून वीज काढायचो. पहिला संच 1968 सालचा. मग 1979 आणि 1982 साली 210 मेगावॉटचे दोन मोठे संच आले. त्यांपैकी दुसरा आला त्याच वर्षी मीही आलो. माझी क्षमता कुणी मोजली नाही.

रुजू व्हायच्या दिवशी गेटवरच्या पहारेकऱ्याने रजिस्टर पुढे ओढले.

"नाव?"

"अंधारे."

त्याने मान वर केली. मला नीट न्याहाळले. मग आतल्या जोडीदाराला हाक मारून म्हणाला, "अरे ये बाहेर! अंधार ड्यूटीवर आला रे!"

पुढची छत्तीस वर्षे मी या एकाच विनोदाच्या निरनिराळ्या आवृत्त्या ऐकल्या. 'दिव्याखाली अंधार' ही म्हण तर मला इतक्या जणांनी, इतक्या वेळा आणि प्रत्येकाने आपल्यालाच ती पहिल्यांदा सुचली अशा चेहऱ्याने ऐकवली आहे, की त्यांचा विरस होऊ नये म्हणून मी दर वेळी नव्याने हसायला शिकलो. पुढे राज्यात भारनियमनाचे दिवस आले तेव्हा तर नातेवाईक लग्नकार्यात मला कोपऱ्यात घेऊन गंभीरपणे विचारत, "अंधारे, तुम्ही काही तरी करा बुवा!" जणू मी आडनाव बदलले असते तर महाराष्ट्र उजळून निघाला असता.

कॉलनीच्या गणेशोत्सवातला प्रसंग तर अजून सांगतात. मी नाटकात काम करणार होतो. निवेदकाने माइक हातात घेतला, घसा खाकरला आणि म्हणाला, "आता रंगमंचावर येत आहेत श्रीयुत अंधारे!" त्याच क्षणी मांडवातले सगळे दिवे गेले. मांडववाल्याची वायर जळाली होती, एवढेच. पण लोकांनी जी टाळी दिली, तशी टाळी मला पुढे कुठल्याही संवादाला मिळाली नाही.

खरे तर आडनाव विरळ असण्याचे फायदे असतात, आणि ते आमच्या खानदेशात जितके कळतात तितके दुसरीकडे कळायचे नाहीत. इथे पाटील, चौधरी आणि महाजन या तीन हाका मारल्या की निम्मा बाजार वळून बघतो. आमच्या वसाहतीत पाटील इतके, की नुसते पाटील म्हणणे म्हणजे 'माणूस' म्हणण्यासारखे होते. म्हणून बॉयलर पाटील, टर्बाइन पाटील, कोळसा पाटील अशी पोटआडनावे पडली. लेवा मंडळींत तर कागदावर पाटील नाहीतर चौधरी, आणि सोयरीक जुळवायला बसले की आतून भंगाळे, नेहेते, बोरोले, झोपे असे खरे कूळ बाहेर निघते. म्हणजे एक आडनाव बाहेर मिरवायचे आणि दुसरे घरातले. टर्बाइन पाटलांचे टपाल कोळसा पाटलांकडे जायचे आणि कोळसा पाटलांच्या मेहुण्याची खुशाली बॉयलर पाटलांची बायको वाचायची. माझे मात्र नुसते 'अंधारे, दीपनगर' एवढ्या पत्त्यावरचे पोस्टकार्ड दुसऱ्या दिवशी दारात पडे. पोस्टमन पहिल्या पत्राच्या वेळी पोट धरून हसला होता. मग तो कसला विसरतो!

लग्न ठरताना मात्र थोडी अडचण आली. मुलीकडचे चौधरी. माझे सासरे भला माणूस, पण बैठकीत सुपारी कातरता कातरता म्हणाले, "पोरगा चांगला हाय, नोकरी पक्की हाय, क्वार्टर हाय. पण भाऊ, पोरगी देऊन देऊन अंधारात द्यायची?" यावर आमचे नानाकाका म्हणाले, "विजेचं बिल भरावं नाही लागणार, एवढं बघा." ते साफ खोटे होते. पण लग्न जमले.

आता हे आडनाव आले कुठून? तर या प्रश्नाचा आमच्या घरात प्रत्येक पिढीने स्वतंत्र अभ्यास केलेला आहे आणि एकाचाही निष्कर्ष दुसऱ्याशी जुळत नाही. नानाकाकांच्या मते आमचे पूर्वज मशालजी होते आणि अंधार पडला की त्यांची आठवण व्हायची, म्हणून अंधारे. आत्याचे म्हणणे, कसले मशालजी, खापरपणजोबांना रातांधळेपणा होता. तिसरे मत शेजाऱ्यांचे. ते मी देत नाही. आणि वडील, म्हणजे आमचे अण्णा, फक्त एवढेच सांगत की आजोबा भुसावळला रेल्वेत बत्तीवाले होते. सिग्नलच्या दिव्यांत रॉकेल भरायचे, काचा पुसायच्या, दिवेलागणीला शिडीवर चढून वात पेटवायची आणि पहाटे विझवायची. त्यांच्याच नावाचे तिघे हजेरीपटावर असल्यामुळे, त्यांतला जो अंधारात येतो आणि अंधारात जातो तो 'अंधारे', असे कुणा कारकुनाने लिहिले. ही गोष्ट अण्णा सांगायचे तेव्हा खरी वाटायची. मात्र नानाकाका म्हणायचे, "अण्णाला काही माहीत नाही, तो लहान होता." नानाकाका अण्णांपेक्षा चार वर्षांनी धाकटे.

मराठी आडनावे तशी वळणे ठरवून आलेली आहेत. गावाला 'कर' लावला की एक जात तयार. दुसरी जात अधिकाराची. गावचा कारभार पाहणारा पाटील, हिशेब लिहिणारा कुलकर्णी, परगण्याचे देशमुख आणि देशपांडे. गंमत अशी की 1950 च्या कायद्याने कुलकर्णी वतने गेली आणि 1962 च्या कायद्याने पाटीलकीही गेली. वतने गेली पण आडनावे कुणी सरकारजमा केली नाहीत. साठ वर्षांपूर्वी रद्द झालेल्या हुद्द्याने आज लाखो लोक ओळखले जातात आणि त्यातल्या कुणाचा विनोद होत नाही. तिसरी जात टोपणनावांची. एखाद्या पूर्वजाच्या सवयीवरून, व्यंगावरून किंवा एका दिवसाच्या फजितीवरून पडलेली. तो पूर्वज गेला, फजिती विसरली, नाव तेवढे नातवंडांच्या शाळेच्या दाखल्यावर येऊन बसले. आम्ही त्या जातीतले.

निवडून घ्यायची सोय असती तर? तुर्कस्तानात ती होती. तिथे 1934 साली कायदा झाला की प्रत्येक घराने आडनाव घ्यावे. केमाल पाशांना तिथल्या संसदेनेच 'अतातुर्क' हे आडनाव बहाल केले. जपानात तर 1875 साली सर्वसामान्य लोकांनाही आडनाव लावणे सक्तीचे झाले. हे वाचले तेव्हा मला वाटले, आमच्या आजोबांना कुणी असा कागद पुढे करून विचारले असते, तर काय लिहिले असते त्यांनी?

याचे उत्तर मिळायची वेळ एकदा आली होती. 1998 साली अण्णा गेले. अस्थी घेऊन मी नाशिकला रामकुंडावर गेलो. तिथल्या उपाध्यायांकडे घराण्यांच्या वह्या असतात. गाव सांगितले, आडनाव सांगितले. गुरुजींनी लाल कापडातली लांबट वही सोडली, बोट फिरवत फिरवत एका पानावर थांबले आणि वाचू लागले. आजोबांचे नाव होते. पुढे 'अंधारे' होते. त्याच्या वर पणजोबांची नोंद होती. अमुक बिन अमुक, मौजे अमुक. आडनावाच्या जागी काही नव्हते.

"इथं आडनाव नाही लिहिलं?" मी विचारले.

"सांगितलं नसेल," गुरुजी म्हणाले. "किंवा नसेल."

मी खाली माझे नाव लिहिले. पुढे 'अंधारे' लिहिताना पहिल्यांदाच वाटले की हे काही फार जुने प्रकरण नाही. दोन पिढ्यांचे तर आहे. माझ्या क्वार्टरमधले लोखंडी कपाट जवळजवळ तेवढेच जुने होते.

घरी परतल्यावर अण्णांची ट्रंक उघडली. पेन्शनचे कागद, जुने पास, विम्याच्या पावत्या, आणि तळाशी एक स्टँपपेपर. टंकलिखित प्रतिज्ञापत्र, 1970 सालचे. 'मी खाली सही करणार, राहणार भुसावळ, माझे व माझ्या कुटुंबीयांचे आडनाव अंधारे हे बदलून ............... असे लावू इच्छितो.' मधली जागा कोरी. सही नव्हती.

1970 साली मी दहा वर्षांचा होतो. त्या वर्षीची एक गोष्ट मला चांगली आठवते. वर्गात गुरुजींनी मला उभे करून विचारले होते, "काय अंधारे, डोक्यात उजेड कधी पडायचा?" सगळा वर्ग हसला, आणि मी घरी येऊन जेवलो नाही. आई समजूत घालत होती. अण्णा पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला नव्हता. निदान मला तरी तसे वाटले होते.

स्टँपपेपरच्या पाठीमागे पेन्सिलीने एक यादी होती. 'उजेडे' लिहून खोडलेले. 'प्रकाशे' खोडलेले. 'पाटील' लिहून, कंसात 'लोक काय म्हणतील' असे लिहून, खोडलेले. 'भुसावळकर' सगळ्यांत जास्त वेळा गिरवलेले, आणि तेही खोडलेले. शेवटी आजोबांचे नाव पूर्ण लिहिले होते, आडनावासकट. ते खोडले नव्हते.

आईला विचारले. ती म्हणाली, "हां, आणला होता तो कागद. स्टँपचे पैसे फुकट गेले म्हणून आठ दिवस कुरकुर चालली होती."

मला दोन मुली. थोरलीचे लग्न झाले आणि ती पाटील झाली. धाकटी जळगावच्या विद्यापीठात संख्याशास्त्र शिकली. त्याच विद्यापीठाला 2018 साली बहिणाबाईंचे नाव मिळाले. माहेरच्या महाजन, सासरच्या चौधरी, पण ज्यांना नुसते नावाने सगळा महाराष्ट्र ओळखतो अशा त्या एकच. बाकीच्यांना आडनाव लागते. तर या धाकटीने मला एके दिवशी जेवताना सांगितले की माझ्या आडनावाचा प्रश्न इंग्लंडात 1873 सालीच विचारून झालेला आहे. गाल्टन नावाच्या गृहस्थांना कोडे पडले की मोठमोठ्या घराण्यांची आडनावे नाहीशी का होतात. त्यांनी ते 'एज्युकेशनल टाइम्स'मध्ये छापून टाकले. वॉटसन नावाच्या पाद्रीबुवांनी गणित सोडवले आणि उत्तर काढले की सगळीच आडनावे कधी ना कधी संपणार. पुढे त्यात चूक सापडली.

"म्हणजे संपत नाहीत?" मी आशेने विचारले.

"दर माणसामागे मुलग्यांची सरासरी एकापेक्षा जास्त असेल, तर टिकायची शक्यता असते. एक किंवा कमी असेल, तर मात्र संपतंच."

"आणि आपली सरासरी?"

"शून्य," ती म्हणाली आणि ताकाचे भांडे माझ्याकडे सरकवले.

नानाकाकांना मूल नाही. आत्याकडचे सगळे महाजन. अंधारे इतरत्र आहेत, त्यांच्याशी आमचा काही संबंध लागत नाही. आमच्या घरातले ते इथेच थांबायचे होते. ज्या नावापायी मी दहाव्या वर्षी उपाशी झोपलो, ते आता जाणार म्हणून ताकाचा घोट घशाखाली उतरेना, याला काय म्हणावे? धाकटी मला बघत होती. म्हणाली, "मी लग्नानंतर बदलणार नाहीये." गणिती पोरी, त्यांचे काही सांगता येत नाही. पण 2019 साली तिने लग्न केले आणि खरोखरच बदलले नाही. तिच्या सासूबाईंनी मला एवढेच विचारले, "भाऊ, दाराच्या पाटीवर दोन्ही नावं बसतील का?" बसली. जरा बारीक अक्षरात.

मी 2018 साली निवृत्त झालो. तोवर मंडळाच्या कंपन्या होऊन तेरा वर्षे लोटली होती आणि दीपनगरला 500 मेगावॉटचे दोन संच धडधडत होते. आता भुसावळला राहतो. मागच्या सुट्टीत थोरलीचा मुलगा आला होता. वय वर्षे नऊ. त्याच्या वर्गात त्याच्याच नावाचे तीन पाटील आहेत. बाईंनी त्यांना नंबर दिले आहेत आणि याच्या वाट्याला तीन आला आहे.

"आजोबा," तो म्हणाला, "तुमच्या वर्गात तुमच्यासारखे किती होते?"

"मी एकटाच."

"बाई नुसतं अंधारे म्हणायच्या?"

"गुरुजी होते. हो, नुसतं अंधारे."

तो बराच वेळ विचार करत होता. "मग ते मला मिळेल?"

मी उठलो, ट्रंक ओढली आणि तो स्टँपपेपर शोधू लागलो. सापडला. त्याने तो वाचला, कोऱ्या टिंबांवरून बोट फिरवले आणि म्हणाला, "पण आजोबा, यात अंधारे हे आधीच लिहिलंय. चुकीच्या जागी."