व्हिएन्नातले वनशिंग

व्हिएन्नाच्या रस्त्यांवर पिवळ्याधमक टपालपेट्या दिसतात. त्यांच्यावर वेटोळे घातलेल्या एका शिंगाचे चित्र असते. एके काळी टपालगाडीचा गाडीवान शिंग फुंकून वर्दी देई. गाड्या गेल्या, शिंग तेवढे राहिले. वाद्यवृंदातला फ्रेंच हॉर्न हा या शिंगाचाच थोरला भाऊ. नावात फ्रेंच असले तरी जर्मन भाषेत त्याला ‘वाल्डहॉर्न’ म्हणजे वनशिंग म्हणतात, कारण त्याचे मूळ शिकारीच्या रानात. वादकांच्या आंतरराष्ट्रीय संस्थेने तर १९७१ सालीच ‘फ्रेंच’ गाळून नुसते हॉर्न म्हणा, अशी शिफारस केली. पण मुंबईकराला हॉर्न म्हटले की टॅक्सीच आठवणार! तेव्हा आपण वनशिंगच म्हणू.

माझी धाकटी बहीण या शहरात राहते. तिची मुलगी नऊ वर्षांची. संगीतशाळेत वाद्य निवडायची वेळ आलेली. आईच्या मनात व्हायोलिन, लेकीच्या मनात वनशिंग.

“दादा, तूच समजाव तिला,” बहीण म्हणाली. “मुलीच्या जातीला काय हे रणशिंग! शेजारीपाजारी काय म्हणतील?”

शाळेत मुलांना वाद्यांची ओळख करून देणार होते, तिथे आम्ही तिघे गेलो. बाईंनी वनशिंगाला आधी हातच लावला नाही. बागेला पाणी घालायची रबरी नळी घेतली, एका टोकाला नरसाळे अडकवले, दुसऱ्या टोकाला पितळेची इवलीशी मुखणी खोचली आणि चक्क वाजवू लागल्या! ही नुसती थट्टा नव्हे, बरे का. १९५६ साली लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये डेनिस ब्रेन या नामांकित वादकाने अशाच नळीवर भर मैफलीत वाजवून दाखवले होते.

नुसती फुंकर घालून मात्र काही होत नाही. ओठ मिटून फुरफुरवावे लागतात. आपल्या तुतारीवाल्याची विद्या तीच. ते फुरफुरणे बारा फूट नळीतून फिरते आणि रुंद तोंडातून सूर होऊन बाहेर पडते. कळा असतात, पण खरी भिस्त ओठांवर. वरच्या पट्टीत सूर इतके दाटीने बसलेले, की ओठ जरा ढिले पडले की आपण शेजाऱ्याच्या दारात! मुरलेल्या वादकाचाही सूर इथे फाटतो. बाईंनी उजवा हात वाद्याच्या तोंडात सारला, तशी तीच तान डोंगरापलीकडून आल्यासारखी वाटली.

भाचीचा पहिला सूर म्हशीचा निघाला. मुले खो खो हसली. तिने ओठ पुसले आणि पुन्हा फुंकले. या खेपेला वर्ग गप्प झाला.

दुसऱ्या दिवशी तिला डोमगासेतल्या पाच नंबरच्या घरी नेले. १७८४ ते १७८७ मोझार्ट इथे राहत होता. लॉइटगेब या हॉर्नवादक मित्रासाठी त्याने १७८६ साली एक कॉन्चेर्तो लिहिला तो काळी, तांबडी, निळी, हिरवी अशी शाई वापरून. पंडित काहीही म्हणोत, मला तरी यात मित्राची खोडीच दिसते. भाचीलाही तसेच वाटले.

संध्याकाळी म्युझिकफेराइनच्या सोनेरी सभागृहात आम्ही उभ्याची तिकिटे काढली. व्हिएन्ना फिलहार्मोनिकने जुन्या बांधणीची वनशिंगे अजून सोडलेली नाहीत. त्या रात्री त्या रांगेत सगळे पुरुषच होते.

“मामा, बायका का नाहीत?”

१९९७ सालापर्यंत या वाद्यवृंदात स्त्रियांना सभासदच करून घेत नसत, हे मी तिला सांगितले. बहीणही ऐकत होती.

परतताना ट्रॅममध्ये ती बराच वेळ बोलली नाही. मग म्हणाली, “एवढे धूड हिला पेलेल का रे?” लहान मुलांसाठी नऊ फूट नळीचे हलके वनशिंग मिळते, पुढचे पक्के दात मात्र आलेले असावेत, असे बाईंनी सांगितले होते. तेच मी तिला सांगितले.

बहिणीने तिथेच दिव्याखाली लेकीला ‘आ’ करायला लावले आणि दात मोजायला घेतले.