वाईचें ऊन

नव्या गांवीं बिऱ्हाड थाटतांना माणूस प्रथम काय शोधतो? डॉक्टर, दूधवाला आणि वाणी. आम्ही मुंबई सोडून वाईला आलों तेव्हां हे तिघे आठवड्याच्या आंत भेटले. अडलें तें छायाचित्रकारापाशीं.

वास्तविक आम्हींच वीस वर्षें हौसेनें कॅमेरा गळ्यांत बाळगला आहे. तरी आमच्या आईचें एकहि धड छायाचित्र आमच्या हातून निघालें नव्हतें. कॅमेरा समोर आला कीं ती पदर सांवरून साक्षीदारासारखी ताठ बसे. त्यांतून दादरची खोली सोडल्यापासून ती आमच्यावर रुष्ट होती. चौऱ्याऐंशीं वर्षांचें वय. कारण आम्हीं बोलून दाखविलें नाहीं, तरी तिनें तें ओळखलें. "भिंतीला खिळा मारायची घाई झालेली दिसते," ती म्हणाली.

पहिला प्रयत्न ढोल्या गणपतीच्या घाटावर झाला. पुराचें पाणी दुभंगावें म्हणून त्या देवळाची मागची भिंत माशाच्या आकाराची बांधली आहे, हें आम्ही तिला रसभरित सांगत बसलों आणि ऊन माथ्यावर आलें. चित्रांत कपाळ पांढरें फटक, डोळ्यांच्या जागीं दोन काळे खळगे. "ही कोण?" एवढेंच आईनें विचारलें.

मग बाजारांतल्या एका अरुंद जिन्यावरचा स्टुडिओ गांठला. मालक साठीच्या पुढचे. पासपोर्टचे फोटो, शाळांचीं स्नेहसंमेलनें आणि एके काळीं पोलिसी पंचनामे, यांवर त्यांचा संसार झालेला. अशा माणसाला गांवाचा कोपरान् कोपरा ठाऊक असतो. सौंदर्यदृष्टीचा टेंभा मिरविणाऱ्या आमच्यासारख्यांना तो ठाऊक नसतो. आम्हीं चांगली जागा विचारली. त्यांनीं उलट विचारलें, "आजी सकाळीं किती वाजतां उठतात?"

दुसऱ्या दिवशीं उजाडतां उजाडतां आम्ही मेणवलीच्या घाटावर होतों. वाईपासून हें गांव जेमतेम तीन किलोमीटर. मागें नाना फडणविसांचा वाडा, पुढें चंद्रकोरीसारखा वळलेला काळ्या दगडाचा घाट आणि १७३९ च्या विजयानंतर वसईहून आणलेली ती प्रचंड घंटा. २००४ सालच्या 'स्वदेस' चित्रपटाचें चित्रण येथें झाल्यापासून लग्न ठरलेलीं जोडपीं भाड्याच्या पोषाखांत येथें येऊं लागलीं आहेत. आम्ही अर्थातच घंटेकडे वळलों. त्यांनीं मात्र आईला हळूहळू पाण्यालगतच्या पायरीवर नेऊन बसविलें.

"दगड काळा आहे," ते म्हणाले. "कॅमेऱ्याला वाटतें अंधार पडला, तो उजेड वाढवतो आणि चेहरा जळतो. तो आपण मुद्दाम कमी करायचा. हनुवटीखालीं उजेड पाणीच देईल." हें सारें आम्हीं पुस्तकांत वाचलेलें होतें. वाचलेलेंच होतें.

त्यांनीं कॅमेरा उचललाच नाहीं. "आजी, माहेर कुठलें?"

"कऱ्हाड."

"मग ही तुमचीच नदी कीं! पुढें तिकडेच जाते."

आई पाण्याकडे पाहूं लागली. साठ वर्षें समुद्राच्या गांवीं काढलेल्या या बाईला आम्हीं कृष्णेच्या कांठीं आणलें, आणि ही गोष्ट आमच्या एकदांहि ध्यानांत आली नव्हती. संगमावर कोयना कशी समोरून येऊन भिडते, तेथें वाळूंत बहिणींबरोबर ती काय काय खेळे, हें ती त्या परक्या माणसाला सांगत होती. पदर खांद्यावरून घसरला होता. कॅमेऱ्याचा आवाज तिच्या कानांवर गेला नसावा.

चार दिवसांनीं छायाचित्र हातीं आलें. चष्मा पुसून तिनें तें बराच वेळ न्याहाळलें. "पदर नीट नाहीं आला," ती म्हणाली. मग उशीखालीं ठेवीत म्हणाली, "अरे, त्यांना विचार, ते कऱ्हाडला येतील का?"