आड, पोहरा आणि जीपीएस

तीन शनिवार-रविवारांचा हिशेब द्यायचा तर तो असा: पहिला गाडीवर जीपीएस बसवण्यात गेला, दुसरा तो चुकीचा बसवला होता म्हणून पुन्हा बसवण्यात गेला आणि तिसरा ज्या कामासाठी बसवला त्या कामात गेला.

"मोबाईल असताना हे आणखी कशाला?" हा प्रश्न घरात सगळ्यांनी विचारून झालाय. त्याची उत्तरं माझ्याकडे तयार होती. एक, मराठवाड्यातलं ऊन. हँडलवर लावलेला मोबाईल मे महिन्यात भाजतो आणि ऐन चौकात बंद पडतो. दोन, माझी साडेतीनशे सीसीची गाडी जी थरथरते ती. मोटरसायकलच्या थरथरीने आयफोनचा कॅमेरा बिघडू शकतो असं खुद्द ॲपलनेच २०२१ साली जाहीर सांगितलंय. तीन, हातमोजे. ही सगळी कारणं खरी आहेत, पण खरं कारण वेगळंच होतं.

आईचं माहेर औसा तालुक्यातलं, किल्लारीच्या पट्ट्यातलं एक लहानसं गाव. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी तिथे काय झालं हे आमच्याकडे कुणाला सांगावं लागत नाही. आदल्या रात्री गणपती बुडवून माणसं झोपलेली. दगड-मातीच्या जाडजूड भिंती आणि वर मातीचं वजनदार माळवद. उन्हाळ्यात जी घरं गार ठेवायची तीच अंगावर आली. पुढे पुनर्वसनात ५२ गावं नव्या जागी वसवली. आजोळ त्यातलंच एक. आता रुंद रस्ते आहेत, ओळीने घरं आहेत. मोबाईलमध्ये गावाचं नाव टाकलं की हे नवं गाव येतं. बरोबरच आहे म्हणा, माणसं तिथेच राहतात.

पण आईला एकदा बघायचा होता तो जुन्या घराच्या मागचा आड. वाट माहीत असलेला मामा दोन वर्षांपूर्वी गेला. त्यानंतर मी एकदा मोबाईलच्या भरवशावर एकटाच जाऊन आलो. नव्या गावात पोचलो, दीड तास शेतांतून भटकलो, अंधार पडला तसा माघारी आलो. आई म्हणाली, "राहू दे रे." आयांचं 'राहू दे' म्हणजे काय असतं हे तुम्हालाही माहीत असेल. तिच्या गुडघ्यांना शेतातली भटकंती झेपणार नाही, तेव्हा आधी मी जागा नक्की करायची आणि मग तिला घेऊन जायचं, असं ठरलं.

तर झालं असं, एका मित्राकडून पाच इंची, पाण्याला न घाबरणारं जुनं यंत्र मिळालं. पहिल्या शनिवारी नांदेडला घराच्या अंगणात गाडी लावली. हँडलवर बॉल माउंट कसला, बारा व्होल्टचे पाच करणारा कन्व्हर्टर सीटखाली ठेवला आणि त्याच्या दोन तारा सरळ बॅटरीला जोडल्या. पंचेचाळीस मिनिटांत काम फत्ते! रोज कॉम्प्युटरसमोर बसणाऱ्या माणसाला पाना हातात आल्यावर जो माज चढतो तो चढला.

रविवारी ट्रायल म्हणून लातूर. लोहा, अहमदपूर, चाकूर असा साधारण १४० किलोमीटरचा रस्ता. हा रस्ता मला झोपेतही येतो, तरी "आता सरळ जा" असं यंत्राने सांगितलेलं ऐकत गेलो. जोडून सोमवारची सुट्टी होती म्हणून मावशीकडे मुक्काम केला. सोमवारी संध्याकाळी निघायला बटन दाबलं तर नुसतं 'टक्'. पुन्हा 'टक्'. गाडीला किक नाही. बोला आता.

शेजारच्या पोराने एका ऑटो इलेक्ट्रिशियनला आणलं. त्याने सीट काढली, माझ्या तारा बघितल्या आणि गालातल्या गालात हसला. "डायरेक्ट बॅटरीलाच टाकलाव की साहेब! दिवसभर मशीन चालूच ऱ्हायलंय. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?"

हिशेब सोपा होता, तो मी आधी करायला हवा होता. यंत्र पाच व्होल्टला एक अँपिअर घेतं. म्हणजे बारा व्होल्टच्या बाजूला, कन्व्हर्टरचा तोटा धरून, साधारण अर्धा अँपिअर. बॅटरी १४ अँपिअर-अवरची. १४ भागिले ०.५ म्हणजे २८ तास. आणि स्टार्टरला दम लागतो, तो त्याच्या कितीतरी आधीच संपतो. माझी गाडी रविवारी दुपारपासून उभी होती. पेपर सोडवायच्या आधीच उत्तर छापून आलेलं!

दुसऱ्याच्या बॅटरीवरून गाडी चालू केली, तारा उपटल्या आणि नांदेडला आलो.

दुसऱ्या शनिवारी मात्र सावकाश बसलो. आधी बॅटरीची निगेटिव्ह तार काढली, मग पॉझिटिव्ह. हा क्रम उगाच नाही. गाडीची सगळी चौकट निगेटिव्हला जोडलेली असते. निगेटिव्ह तशीच ठेवून पॉझिटिव्ह सोडवताना पाना चौकटीला टेकला तर ठिणग्यांची दिवाळी होते. जोडताना बरोबर उलट.

मग फ्यूज. पहिल्या वेळी मी तो यंत्राजवळ लावला होता. फ्यूज यंत्राला नाही, तारेला वाचवण्यासाठी असतो. टाकीखालून जाणारी तार कुठे घासून चौकटीला टेकली आणि फ्यूज तिच्या पलीकडे असला, तर तार जळेपर्यंत त्याला पत्ताही लागत नाही. आणि जळणार कुठे, तर पेट्रोलच्या टाकीखाली. म्हणून दोन अँपिअरचा फ्यूज बॅटरीपासून वीतभर अंतराच्या आत लावला.

त्यानंतर रिले. ८५ आणि ८६ या पायांना चावी फिरवल्यावरच जिवंत होणारी तार आणि अर्थिंग, ३० ला फ्यूजमधून बॅटरी, ८७ ला कन्व्हर्टर. चावी बंद तर यंत्र बंद, माणसाच्या आठवणीवर काहीच अवलंबून नाही. जोड डाग देऊन नाही, क्रिम्प करून केले. डाग दिलेली तार कडक होते आणि थरथरीने नेमकी तिथेच तुटते. शेवटी हँडल दोन्ही बाजूंना टोकापर्यंत फिरवून तारेला ढील ठेवली.

मग परीक्षा. चावी बंद करून निगेटिव्ह तारेच्या मध्ये मल्टिमीटर घातला. शून्य म्हणावं इतकाच प्रवाह. (मीटर असा मध्ये असताना स्टार्टर दाबायचा नाही. मीटरचा फ्यूज जातो. कसं माहीत, ते विचारू नका.)

पोहरा नीट झाला. पण आडात काय होतं? यंत्राला जुनं गाव माहीतच नव्हतं.

रविवारी ते शोधायला बसलो. अमेरिकन लष्कराच्या नकाशा विभागाने १९५५ च्या पुढे भारताचे अडीच लाखाला एक या प्रमाणाचे नकाशे छापले होते. टेक्सास विद्यापीठाच्या ग्रंथालयाने ते सगळ्यांसाठी खुले ठेवलेत. त्यात तो ठिपका सापडला! भूकंपाच्या कितीतरी आधीचा, जुन्या जागेवरचा. अक्षांश-रेखांश काढले आणि सॉफ्टवेअरवाल्याला शोभेल अशी शंका आली. हे आकडे कुठल्या मापातले? आपल्याकडचे जुने नकाशे जॉर्ज एव्हरेस्टने १८३० मध्ये मांडलेल्या पृथ्वीच्या आकारावर बेतलेले आहेत आणि जीपीएसचा हिशेब डब्ल्यूजीएस ८४ वर चालतो. तोच आकडा दोन मापांत दोन वेगळ्या जागा दाखवतो. आमच्या भागात हा फरक शे-दीडशे मीटरचा येतो. (एव्हरेस्टच्या आधी ही मोजणी चालवणारा लॅम्बटन १८२३ साली आपल्या हिंगणघाटलाच वारला. मोजता मोजताच गेला म्हणायचं.) आकडे बदलून यंत्रात भरले. पण या नकाशात एक मिलिमीटर म्हणजे २५० मीटर, तेव्हा ठिपकाच गावाएवढा.

तिसऱ्या शनिवारी पहाटे निघालो. लातूरला चहा, मग औसा, आणि पुढे डांबरी सोडून पांदण. काळ्या मातीत गाडी पहिल्या गिअरमध्ये, दोन्ही पाय खाली. हातात मोबाईल धरून हे जमलंच नसतं. यंत्राने सांगितलं, पोचलात. अचूकता तीन मीटर. आजूबाजूला सगळी तूर. ना वेस, ना पार, ना आड.

जमिनीपासून सुमारे २०,२०० किलोमीटर उंचावर फिरणारे उपग्रह, त्यांतली अणुघड्याळं. १९९३ च्याच डिसेंबरात हे चोवीस उपग्रहांचं जाळं कामाला लागल्याचं जाहीर झालं. २ मे २००० ला अमेरिकेने त्यात मुद्दाम मिसळलेली चूक काढून टाकली आणि ते आपल्यासारख्यांना नीट वापरता येऊ लागलं. एवढं सगळं दिमतीला असून मी तुरीत उभा होतो.

शेवटी आईला फोन लावला.

"चिंच दिसती का? मोठी, दोन खोडाची?"

लांब एक दिसत होती. गेलो. दोन खोडं.

"आता चिंचंला पाठ लाव. उगवतीला तोंड कर. आमचा वाडा समोर होता." ती जरा थांबली. "आता काही नसंल. डाव्या हाताला चाल, तीस-चाळीस पावलं. जपून. कठडा पडला असंल."

चाळिसाव्या पावलाला बाभळीचं झुडूप होतं आणि झुडपाखाली घडीव दगडांचा गोल. कठडा अर्धा पडलेला. एका दगडावर दोराने पडलेल्या खाचा तशाच. मी बराच वेळ काही बोललो नाही.

"सापडला का?"

"सापडला."

"पाणी हाय का? खडा टाकून बघ."

टाकला. फोन मुद्दाम आडाकडे धरला. डुबुक् झालं. तिकडे नांदेडच्या स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली आणि आई म्हणाली, "हाय की!"

यंत्राने जिथे "पोचलात" म्हटलं होतं तिथून आड २१० मीटरवर निघाला. चिंचेपाशी एक आणि आडापाशी एक, अशा दोन खुणा साठवल्या. वाडा नेमका कुठे होता ते आई आली की तिला विचारून तिसरी साठवीन. मामा असताना हे करायला हवं होतं. त्याला तर गल्ली न् गल्ली पाठ होती.

असो. संक्रांतीनंतर आईला कारने नेतोय. पांदणीच्या तोंडाशी कार ठेवायची आणि तिथून बैलगाडी, असं एका शेतकऱ्याशी बोलून ठेवलंय.

आणि हो, त्या रात्री लातूरला मुक्काम केला. गाडी पुरे चोवीस तास उभी होती. दुसऱ्या दिवशी बटन दाबलं आणि एका दमात चालू झाली.