डेसाऊची चाळ आणि बुखेनवाल्डचे फाटक

२०२४ च्या एप्रिलअखेर आम्ही उभयता जर्मनीला जाऊन आलो. आमची मुलगी नोकरीनिमित्त लाइपझिग शहरात असते. तिनेच तिकिटे काढली, व्हिसाचे कागद जमविले आणि फोनवर बजावले, "बाबा, नुसती चर्च आणि राजवाडे बघायचे नाहीत. वसंतात इकडे प्रदर्शने लागतात, ती दाखवणार आहे." प्रदर्शन म्हटले की आमच्या डोळ्यांसमोर शाळेच्या हॉलमधले साड्यांचे आणि लोणच्या-पापडांचे टेबल येते. तिकडे मात्र खुर्ची, चहाची किटली, खिडकी, गालिचा, पुस्तकावरची अक्षरे अशा रोजच्या वस्तू कोणी, कशा आणि कोणासाठी घडविल्या हे दाखविणारी मोठमोठी संग्रहालये आहेत. मनात म्हटले, किटली काय बघायची! पण त्या पंधरा दिवसांत जे पाहिले ते अजून डोक्यातून जात नाही.

वसंत म्हणजे तिकडे घराबाहेर पडण्याचा ऋतू. पाच-सहा महिने थंडीत कोंडलेली माणसे ऊन पडले की हिरवळीवर येऊन बसतात. बाजारात पांढऱ्या शतावरीच्या जुड्या येतात आणि लोक त्या आपल्याकडच्या हापूससारख्या कौतुकाने घेतात. आम्ही खाऊन पाहिली. आमच्या मंडळींचे मत असे पडले की फोडणी दिली असती तर बरी लागली असती. लाइपझिगचा प्रसिद्ध पुस्तकमेळा मार्चमध्येच आटोपला होता. त्या दिवसांत दुकानांत, चर्चमध्ये, जागा मिळेल तिथे लेखक आपली पुस्तके लोकांना वाचून दाखवितात. ते हुकले याची रुखरुख लागली, कारण ६ डिसेंबरला शिवाजी पार्कवर पुस्तकांच्या स्टॉलपुढे उभे राहणारी आम्ही माणसे.

पहिल्याच शनिवारी मुलीने आम्हांला नेले ते एका गिरणीत. शहराच्या पश्चिमेला १८८४ साली कापसाची सूतगिरणी सुरू झाली आणि पंचवीस-तीस वर्षांत ती युरोप खंडातली सर्वांत मोठी सूतगिरणी झाली. दोन लाख चाळीस हजार चात्या आणि चार हजारांपर्यंत कामगार! लाल विटांच्या इमारती, उंच चिमणी, आत रुळांच्या खुणा. आमची पावले फाटकातच थबकली. आमचे वडील परळच्या एका गिरणीत थ्रॉसल खात्यात, म्हणजे सूत काढण्याच्या खात्यात, तीस वर्षे होते. लहानपणी डबा घेऊन आम्ही ज्या फाटकाशी उभे राहायचो ते असेच होते.

जर्मनीचे दोन तुकडे पुन्हा एक झाल्यावर ही गिरणीही टिकली नाही. १९९३ च्या सुमारास सूत काढणे थांबले. पुढे त्या खात्यांत चित्रकारांनी कामाच्या जागा घेतल्या, गॅलऱ्या आल्या. आता तिथे शंभरेक कलावंत काम करतात आणि वसंतातल्या एका शनिवार-रविवारी सगळ्या गॅलऱ्या एकाच वेळी नवी प्रदर्शने उघडतात. आम्ही गेलो तो तोच दिवस होता. तरुण जोडपी, बाबागाड्या, म्हातारी माणसे या दालनातून त्या दालनात फिरत होती. काही चित्रे आम्हांला कळली, बरीचशी कळली नाहीत. पण इमारती जागच्या जागी आहेत, पाडल्या नाहीत, याचेच आम्हांला अप्रूप वाटले. मुंबईत आमच्या वडिलांच्या गिरणीच्या जागेवर आज काचेचा टॉवर आहे आणि त्याच्या फाटकावर आम्हांला कोणाकडे जायचे म्हणून विचारतात. अर्थात लाइपझिगच्या त्या चार हजारांतल्या किती जणांची नातवंडे त्या शनिवारी चित्रे बघायला आली होती, हेही कोणी मोजलेले नसणार.

मुलगी म्हणाली, "आजोबा सूतखात्यातच का होते? विणखात्यात पगार जास्त असायचा ना?" तिला सांगितले. विणखात्यात धोट्यातला धागा तोंडाने ओढून घ्यावा लागे. आपल्या माणसाचे ओठ लागलेला धोटा इतरांना चालत नसे, म्हणून जास्त पगाराच्या त्या खात्याचे दार आपल्याला बंद. १९२८-२९ च्या संपांच्या वेळी बाबासाहेबांनी हाच प्रश्न मांडला होता. मुलगी थोडा वेळ गप्प राहिली. मग म्हणाली, "डेसाऊला तुम्हांला मागांची गोष्ट दाखवते. तिथे बायकांना उलटे विणखात्यातच ढकलले होते."

डेसाऊ लाइपझिगपासून आगगाडीने तासाभराच्या अंतरावर आहे. (त्या वर्षी ४९ युरोत महिनाभर देशभरच्या साध्या गाड्या, बस, ट्राम यांतून फिरता येत असे. २०२५ पासून तो पास महागला.) वाटेत दोन्ही बाजूंना मोहरीसारखी पिवळीधमक शेते. डेसाऊ गाव दिसायला साधेच, निम्मे बंद असल्यासारखे. पण तिथे बाउहाउस नावाच्या शाळेची इमारत आहे आणि ती पाहायला जगभरातून माणसे येतात. वाल्टर ग्रोपियस या वास्तुशिल्पकाराने १९१९ साली वायमारला ही शाळा काढली. चित्रकार, सुतार, लोहार, विणकर यांनी एका छपराखाली शिकावे, कलावंत वरचा आणि कारागीर खालचा हा भेद मोडावा, असा विचार. हाताने काम करणाऱ्याला खाली बसविण्याची रीत फक्त आपल्याकडचीच नाही, हे आम्हांला इथे उमगले.

शाळा निघाली तेव्हा स्त्री-पुरुष भेद पाळणार नाही असे जाहीर केले होते. पहिल्याच सत्रात मुलींची संख्या मुलांपेक्षा थोडी जास्त भरली. तेव्हा चालकच गडबडले आणि हळूहळू मुलींना विणकामाकडे वळविले जाऊ लागले. गुंटा श्ट्योल्झ्ल ही त्यातूनच वर आली. तिने विणकाम विभाग नावारूपाला आणला, त्याची प्रमुख झाली, आणि १९३१ मध्ये तिला शाळा सोडावी लागली. मारियाने ब्रांट हट्टाने धातुकामात शिरली. सुरुवातीला तिला कंटाळवाणी ठोकाठोकीच दिली गेली, पण पुढे तीच त्या विभागाचे काम पाहू लागली. तिने १९२४ मध्ये घडविलेल्या चहाच्या छोट्या किटलीचे कार्ड मुलीने विकत घेऊन दिले. अशी एक किटली २००७ साली न्यूयॉर्कच्या लिलावात तीन लाख डॉलरहून अधिक किमतीला गेली म्हणे! आमच्या मंडळी कार्ड निरखून म्हणाल्या, "यात दोन कप तरी चहा होईल का गं?" साध्या माणसाच्या घरासाठी निघालेली वस्तू शेवटी श्रीमंताच्या कपाटात जाऊन बसली, हे खरे.

पण आम्हांला डेसाऊत भावले ते वेगळेच. गावाच्या दक्षिणेला ट्योर्टेन म्हणून कामगारांची वसाहत आहे. ग्रोपियसने १९२६ ते १९२८ या काळात तिथे ३१४ घरे बांधली आणि प्रत्येक घरामागे भाजीपाल्यासाठी चांगली ऐसपैस जागा सोडली. घरात दोष निघाले, खिडक्या फार उंचावर होत्या, थंडी शिरे. लोकांनी त्या बदलून घेतल्या. माहिती सांगणाऱ्या बाई याबद्दल हळहळत होत्या, पण आमची सहानुभूती राहणाऱ्यांकडे. खिडकीतून बाहेर दिसत नसेल तर ती बदलायची नाही तर काय करायचे?

पुढे गेलो आणि आम्ही दोघेही एकदम म्हणालो, "अरे, ही तर चाळ!" तीन मजल्यांच्या विटांच्या इमारती, एका अंगाला जिना, प्रत्येक मजल्यावर लांब गॅलरी आणि गॅलरीत ओळीने सहा दारे. अशा पाच इमारती, नव्वद बिऱ्हाडे. ग्रोपियसनंतर संचालक झालेला हान्नेस मायर आणि त्याचे विद्यार्थी यांनी त्या १९३० पर्यंत उभ्या केल्या. चैनीच्या नव्हे, लोकांच्या गरजेच्या वस्तू घडवा, असा मायरचा आग्रह असे. पाहण्यासाठी एक बिऱ्हाड जुन्या थाटात जपून ठेवले आहे, बाकीच्यांत आजही लोक राहतात. आत गेलो. साधारण पाचशे चौरस फूट. तीन छोट्या खोल्या, स्वयंपाकघर, आणि न्हाणी-संडास घरातच! राहत्या खोल्यांची तोंडे दक्षिणेला, का तर ऊन यावे म्हणून.

आमचे बालपण बी.डी.डी. चाळीत गेले. त्याही चाळी त्याच दशकातल्या. १६० चौरस फुटांची एक खोली, गॅलरीच्या टोकाला सगळ्या मजल्याचे मिळून संडास, पहाटे टमरेल घेऊन रांग. त्यातच दहा माणसे, आजीचे आजारपण आणि आमचा मॅट्रिकचा अभ्यास. खुद्द बाबासाहेब १९१२ पासून १९३४ पर्यंत परळच्या बी.आय.टी. चाळीत राहिले. एकाच काळात, कामगारांसाठीच बांधलेल्या दोन गॅलऱ्या. एकीचा आराखडा करताना ऊन कुठून येईल याचा विचार झाला आणि दुसरीत माणसे किती मावतील याचा. आमच्या मंडळींनी त्या न्हाणीघराचे दार दोनदा उघडून पाहिले, लावले. बोलल्या काहीच नाहीत. बायकांनी पहाटेच्या अंधारात काय सोसले ते आम्हां पुरुषांना काय सांगायचे, असेच त्यांच्या मनात असावे.

हे फार काळ चालले नाही. मायरला १९३० मध्ये काढले. १९३२ मध्ये डेसाऊच्या नगरसभेत नाझींचे बहुमत होते, त्यांनी शाळा बंद केली. बर्लिनमध्ये ती कशीबशी तग धरून होती, तीही १९३३ मध्ये संपली. आतापर्यंत आमच्या मनात गोष्ट सरळ होती, शाळा चांगली आणि नाझी वाईट. वायमारने ती मोडली.

वायमारला आम्ही ९ मे रोजी निघालो. त्या दिवशी येशूच्या स्वर्गारोहणाची सुट्टी असते आणि तिलाच तिकडे 'बापांचा दिवस' म्हणतात. पुरुषमंडळी हातगाडीवर बिअरचे खोके लादून रानोमाळ हिंडतात. आमचा डबा अशा बापांनी भरलेला होता. पंचशीलातले पाचवे शील त्या डब्यात कोणाला ठाऊक नव्हते, एवढेच सांगतो.

त्याच दिवशी वायमारला 'बाउहाउस आणि राष्ट्रीय समाजवाद' हे प्रदर्शन उघडले होते. तीन संग्रहालयांत मिळून ते १५ सप्टेंबरपर्यंत चालले. दुसऱ्या दिवशी आम्ही ते पाहिले. शाळा बंद झाली तरी तिचे बहुतेक विद्यार्थी देशातच राहिले आणि त्यांतले १८८ जण नाझी पक्षाचे सभासद झाले. त्याच सफाईदार रेषांनी आणि अक्षरांनी हिटलरच्या राजवटीची प्रचारपत्रके सजली. फ्रिट्झ एर्टल नावाचा याच शाळेचा पदवीधर आउश्वित्झच्या छळछावणीच्या बराकींच्या आराखड्यावर काम करीत होता. आणि त्याच आउश्वित्झमध्ये १९४४ साली ओटी बेर्गर ही बाउहाउसची विणकर मारली गेली. फ्रीडल डिकर-ब्रांडाइसही तिथेच संपली. तेरेझिनच्या कोंडवाड्यात असताना तिने लहान मुलांना चित्रकला शिकविली होती आणि जाण्यापूर्वी मुलांची हजारो चित्रे दोन सुटकेसींत दडवून ठेवली. एकाच शाळेत शिकलेली माणसे, एक आराखड्यावर वाकलेला आणि दुसरी त्याच छावणीत नेलेली. आम्ही तिथल्या बाकावर बराच वेळ बसून राहिलो.

तिसऱ्या दिवशी सकाळी सहा नंबरच्या बसने टेकडीवरच्या बुखेनवाल्डला गेलो. १९३७ मध्ये ही छळछावणी सुरू झाली. सुमारे दोन लाख ऐंशी हजार माणसे इथे कोंडली गेली आणि छप्पन्न हजारांचा जीव गेला. प्रवेशाला पैसे नाहीत. फाटकावरचे घड्याळ सव्वातीनला थांबविलेले आहे. ११ एप्रिल १९४५ ला दुपारी छावणी मुक्त झाली ती ही वेळ. ११ एप्रिल! त्याच तारखेला आपल्या वस्तीत जोतीरावांच्या तसबिरीला हार घालून आम्ही प्रवासाच्या बॅगा भरायला लागलो होतो.

फाटकाच्या लोखंडी जाळीत एक वाक्य आहे. त्याचा अर्थ, 'ज्याचे त्याला', म्हणजे ज्याची जी पायरी ती त्याला. बाहेरून पाहिले तर अक्षरे उलटी दिसतात. आतल्या मैदानात रोज हजेरीला उभ्या राहणाऱ्या कैद्याला ती सरळ वाचता यावीत म्हणून तशी बसविली आहेत. हे वाक्य मुलीने सांगितले आणि आम्हांला त्याचे भाषांतर लागले नाही. आपापल्या पायरीने राहा, गेल्या जन्मीचे भोगतोस, हे गावच्या पाटलाच्या ओट्याखाली उभे राहून आमच्या आजोबांनी जन्मभर ऐकले होते.

ती अक्षरे कोणी काढली? फ्रान्झ एर्लिख याने. लाइपझिगमध्ये जन्मलेला, डेसाऊच्या बाउहाउसमध्ये शिकलेला आणि कम्युनिस्ट म्हणून पकडून इथे आणलेला कैदी. हे फाटक कर ही आज्ञा झाली. त्याने अक्षरे केली ती आपल्या शाळेत शिकलेल्या वळणाची, ज्या शाळेवर नाझींचा राग होता तिच्याच वळणाची. पहारेकऱ्यांच्या ते लक्षात आले नाही. फाटक तसेच राहिले. एर्लिख जगला, युद्धानंतर त्याने घरासाठी लाकडी सामान घडविले.

हजेरीच्या मैदानावर जमिनीत एक धातूची पाटी बसविली आहे. होर्स्ट होहाइझेल आणि आंद्रेआस क्निट्झ या दोघांनी १९९५ मध्ये ती केली. इथे मेलेल्या माणसांच्या पन्नासहून अधिक जमातींची नावे तिच्यावर आहेत आणि बारा महिने ती सदतीस अंश उष्ण ठेवतात, जिवंत माणसाच्या अंगाइतकी. मे महिना असूनही टेकडीवर वारा बोचत होता. शाळेच्या मुलांची एक रांग पुढे सरकत होती, एकेक जण वाकून हात लावून जात होता. आमच्या मंडळी त्यांच्यामागे जाऊन उभ्या राहिल्या. नंबर आल्यावर खाली बसल्या, तळहात पाटीवर टेकला आणि म्हणाल्या, "ऊब आहे हो." आम्हीही बसलो. मुलगी मागे उभी होती. हात काढायला उशीर झाला आणि बस निघून गेली. पुढची तासाभराने होती.